भूकंपोत्तर वैद्यकसाहाय्य व त्याचीं साधनें : पंढरपूर प्रांताच्या संबंधानें

[१] उपक्रम

इतिहासाच्या साधनांत सनदा, महजर, निवाडपत्रें, वंशावळी व शकावल्या ह्यांस जो मान आहे, तो रुग्णांच्या यादीस अद्यापि मिळालेला नाहीं. एखादा संग्राहक दुर्मिळ पोथीकरितां दहा गांवें हिंडेल. परंतु दवाखान्याची नोंदवही वाण्याकडे पुड्या बांधावयास गेली, तर त्यास तिची खंत वाटणार नाहीं. ह्या उपेक्षित कागदाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. भूकंप झाल्यावर जखमी माणसांस वांचविण्याची जी योजना करावी लागते, तिच्या मुळाशीं दोन गोष्टी असतात. एक, संकटाच्या आधीं जमवून ठेविलेली सामग्री. दुसरी, माणसांची नांवनिशीवार यादी. पहिलीचा विचार आपल्या वैद्यकग्रंथांत फार प्राचीन काळीं झालेला आहे. दुसरीची पद्धति पंढरीच्या वारींत आजहि नांदत आहे. ह्या दोहोंची सांगड घातल्यावांचून कोणतीहि योजना पुरी होत नाहीं, असें आमचें मत आहे व तें पुढें सप्रमाण मांडिलें आहे.

विषय पंढरपुराच्या संबंधानें घेण्याचें कारण भौगोलिक आहे. नकाशा पाहतां पंढरपूर हें महाराष्ट्रांतील दोन मोठ्या भूकंपस्थानांच्या मधोमध म्हणावें असें बसलें आहे. पश्चिमेस कोयनानगर सरळ रेषेनें सुमारें १७० किलोमीटर, तर पूर्वेस किंचित् उत्तरेकडे किल्लारी सुमारें १४० किलोमीटर. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजीं, म्हणजे शके १८८९ च्या मार्गशीर्ष शुद्ध पक्षांत, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं झाला. त्यांत सुमारें १८० माणसें मेलीं व दोन हजारांवर जखमी झालीं. किल्लारीचा भूकंप शके १९१५ मध्यें, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झाला. अनंत चतुर्दशीचें गणपतिविसर्जन आटोपून लोक नुकते निजले होते.

दोन्ही भूकंप रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं झाले, हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. त्या घटकेस शेतकरी घरांत निजलेला असतो व रुग्णालयांत सेवकवर्ग सर्वांत थोडा असतो. पंढरपुरांत तर ती काकडआरतीची वेळ. यात्रेच्या दिवसांत दर्शनाची रांग त्या वेळीं अरुंद वाटांतून उभी असते. तेव्हां ह्या प्रांतापुरती जी वैद्यकीय योजना आंखावयाची, ती दिवसाच्या दहा वाजतांचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून आंखली तर ती अपुरी पडेल.

[२] ज्योतिषग्रंथ व वैद्यकग्रंथ

भूकंपाविषयीं संस्कृत वाङ्मयांत कोठें पाहावें असें विचारल्यास बहुतेक विद्वान् वराहमिहिराच्या बृहत्संहितेकडे बोट दाखवितात. तींत भूकंपलक्षण नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. पृथ्वी कां कांपते ह्याविषयीं पूर्वाचार्यांचीं निरनिराळीं मतें वराहमिहिरानें आरंभीं दिलीं आहेत : पाण्यांत राहणाऱ्या महाप्राण्याची हालचाल, भूभार वाहून श्रमलेल्या दिग्गजांचे निःश्वास, एका वायूवर दुसरा वायू आदळणें, आणि अदृष्ट. नंतर नक्षत्रांवरून वायव्य, आग्नेय, ऐंद्र व वारुण अशीं चार मंडलें कल्पून प्रत्येकाचें फल सांगितलें आहे. वायव्य मंडलाच्या भूकंपानें धान्य, पाणी, वनें व ओषधि ह्यांचा क्षय होतो आणि सूज, श्वास, उन्माद, ज्वर व कास हे रोग उद्भवतात, असें तो म्हणतो. एकदां पृथ्वी कांपल्यावर तिसऱ्या, चौथ्या वा सातव्या दिवशीं, पंधरवड्यानें किंवा महिन्यानें ती पुन्हा कांपली, तर त्याचें फल मोठ्या राजास भोंवतें, असेंहि तेथें सांगितलें आहे. फलाचा भाग सोडून दिला तरी मुख्य धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात हें कोणी तरी दिवस मोजून पाहिलें होतें, एवढें ह्यावरून निश्चित ठरतें. पुढें बाराव्या शतकांत वंगदेशीय बल्लाळसेनानें अद्भुतसागर ह्या ग्रंथांत अशा उत्पातवचनांचा मोठा संग्रह केला.

परंतु ह्या परंपरेची दृष्टि राजा, देश व पीक ह्यांवर खिळलेली आहे. भूकंप हें येथें एक चिन्ह आहे, आणि प्रश्न आहे तो चिन्हाच्या अर्थाचा. भिंतीखालीं सांपडलेला मनुष्य त्या दृष्टीच्या टप्प्यांत येत नाहीं. शकावलीकाराची रीतहि हीच : शक, मास, तिथि, वार, आणि घटना एका ओळींत. त्या ओळीवरून कालनिर्णय होतो. पण कोणाचा हात मोडला व तो कोणीं बांधला, हें कळत नाहीं.

तें कळून घेण्यास वैद्यकग्रंथांकडे वळलें पाहिजे. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय प्रसिद्ध आहे. पांचाल देशांत, कांपिल्य राजधानीपाशीं, ग्रीष्माच्या अखेरीस गंगातीरीं फिरत असतां पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात कीं, देशावर संकट येण्याची चिन्हें दिसत आहेत. तेव्हां भूमि नीरस होण्यापूर्वीं व ओषधींचें वीर्य जाण्यापूर्वीं त्या उपटून सांठवून ठेव. हा अध्याय वायु, उदक, देश व काल बिघडल्यामुळें एकदम पुष्कळ लोकांस होणाऱ्या रोगांविषयीं आहे. त्यांतून ओढाताणीनें भूकंपाचा अर्थ काढण्याची आवश्यकता नाहीं. आपणांस प्रयोजन आहे तें त्यांतील तत्त्वाशीं. औषधाचा संग्रह संकटानंतर करतां येत नाहीं, तो आधींच करावा लागतो. आणि जें संकट माणसांस मारतें तेंच औषधासहि निकामी करतें. वराहमिहिर ओषधिक्षय हें भूकंपाचें फल म्हणून सांगतो, आत्रेय त्याच क्षयाचा विचार करून आधीं कामास लागण्यास सांगतात. ज्योतिषी व वैद्य ह्यांच्यांतील भेद येथें स्पष्ट दिसतो.

ह्याच संहितेच्या सूत्रस्थानांत उपकल्पनीय नांवाचा अध्याय आहे. उपचार सुरू करण्यापूर्वीं रुग्णाकरितां घर कसें बांधावें, तेथें कोणकोणते पदार्थ व कोणकोणते सेवक असावे, ह्याची त्यांत यादी आहे. घर दृढ असावें, हें पहिल्या अटींपैकीं एक. सेवकांत स्नान घालणारे, अंग चेपणारे, औषध वाटणारे ह्यांच्याबरोबर रुग्णास उठविणारे व निजविणारे अशांचा वेगळा उल्लेख आहे. मोडलेल्या माणसास उचलणें ही स्वतंत्र विद्या आहे हें त्या ग्रंथकारानें जाणलें होतें. आज डोली वाहणाऱ्या सेवकास जें शिक्षण देतात, त्याचें बीज ह्या उल्लेखांत आहे.

सुश्रुत ह्याहून पुढें जातो. सूत्रस्थानांतील अग्रोपहरणीय अध्यायाचें नांवच बोलकें आहे : शस्त्रकर्माच्या आधीं जवळ आणून ठेवण्याच्या वस्तु. यंत्रें, शस्त्रें, क्षार, अग्नि, शलाका, जळवा, कापूस, वस्त्राचे तुकडे, सूत, पानें, पट्ट्या, मध, तूप, दूध, तेल, काढे, लेप, पंखा, थंड व ऊन पाणी, आणि धिप्पाड व स्नेहशील परिचारक. ही यादी वाचतांना एखाद्या आधुनिक शस्त्रक्रियागृहाच्या फळीवर डकविलेला कागद वाचल्यासारखें वाटतें. युक्तसेनीय अध्यायांत सैन्याच्या तळावरील वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ, सर्व सामग्रीनिशीं असावा, व तेथें तो वैद्य ध्वजाप्रमाणें दुरून ओळखूं यावा, म्हणजे शल्य, विष व रोग ह्यांनीं पीडलेले लोक न गोंधळतां त्याच्याकडे येतील, असें म्हटलें आहे. निदानस्थानांत सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार दिले असून, चिकित्सास्थानांत मोडलेल्या पायाच्या रुग्णास फळीवर निजवून दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून पाय अचल ठेवण्याचा कपाटशयनाचा विधि सांगितला आहे. घर पडल्यानें होणाऱ्या दुखापतींत अस्थिभंग प्रमुख असतात. तेव्हां ह्या भागाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

[३] मंगळवेढ्याची भिंत

सामग्रीची परंपरा अशी लिखित आहे. यादीची परंपरा शोधण्यासाठीं आतां पंढरपुरास यावें. विठ्ठलमंदिरांतील चौऱ्याऐंशीचा शिलालेख वाचकांच्या परिचयाचा आहे. शके ११९५ पासून ११९९ पर्यंत, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ ह्या काळांत, रामचंद्रदेव यादवाच्या कारकीर्दींत देवळास ज्यांनीं ज्यांनीं द्रव्य दिलें, त्यांचीं नांवें व देणग्या त्यावर कोरल्या आहेत. कै. ग. ह. खरे ह्यांनीं श्रीविठ्ठल आणि पंढरपूर ह्या ग्रंथांत त्याचें विवेचन केलेलें आहे. ह्या लेखाचें स्वरूप पाहिलें तर ती शुद्ध यादी आहे : कोण, कोठला, किती. यात्रेकरू त्या शिळेस पाठ घासतात, तेव्हां चौऱ्याऐंशीच्या फेऱ्यांतून सुटण्याची त्यांची भावना असते. परंतु शिळा मुळांत वहीचें पान आहे.

आतां दुसरी गोष्ट. पंढरपुराजवळील मंगळवेढें येथें गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली व तीखालीं कांहीं मजूर दडपले. त्यांत चोखामेळा होते. वारकरी परंपरेप्रमाणें हा प्रसंग शके १२६० मधला, इ. स. १३३८ चा. नामदेव पंढरपुराहून तेथें गेले, ढिगाऱ्यांतून चोखोबांच्या अस्थि नामध्वनीवरून ओळखून त्यांनीं आणल्या, व महाद्वारासमोर त्यांची समाधि झाली, असें परंपरा सांगते. ती समाधि आजहि नामदेवपायरीसमोर आहे.

ह्या कथेंतील चमत्काराच्या अंशाविषयीं येथें वाद घालावयाचा नाहीं. भाविकांस तो पूज्य आहे, आणि संशोधकास परंपरा म्हणून तो नोंदावा लागतो. आमचें लक्ष तींतील व्यवहाराकडे आहे. भिंत पडल्यावर तीखालीं कोण होतें हा पहिला प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर देण्यास तेथें कोणतीहि वही नव्हती. वेठीवर आलेल्या मजुरांचीं नांवें कोण लिहिणार? चोखोबांस शोधणारा मनुष्य होता, म्हणून ते सांपडले. त्यांच्याबरोबर जे दडपले, त्यांस शोधावयास नामदेव आले नाहींत, आणि आज आपणांस त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव ठाऊक नाहीं. साठपांसष्ट वर्षांपूर्वीं त्याच क्षेत्रांत दात्यांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं होतीं; म्हणजे यादी करण्याची विद्या अज्ञात नव्हती. कोणाची यादी करावयाची, ह्याविषयींची दृष्टि मात्र दात्यांपाशीं थांबली होती.

[४] किल्लारी

मंगळवेढ्याची भिंत एक होती. १९९३ सालीं एका पहाटे हजारों भिंती पडल्या. लातूर व उस्मानाबाद (सन २०२३ पासून धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांतील औसें, उमरगें, निलंगें ह्या बाजूचीं गांवें त्यांत सांपडलीं. भूकंपाचें परिमाण सहाच्या किंचित् वर, म्हणजे जगाच्या मानानें मध्यम. तरी एवढी प्राणहानि कां झाली ह्याचें उत्तर घरांच्या बांधणींत आहे. त्या भागांतील जुन्या घरांच्या भिंती बिनघडीव दगडांच्या, मातीच्या गाऱ्यांत रचलेल्या, दोन दोन हात रुंद. वर लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेलें माळवद. उन्हाळ्यांत हें घर थंड राहतें व पिढ्यान्पिढ्या टिकतें. परंतु आडवा हिसका बसतांच आंतील व बाहेरील दगडांचे थर एकमेकांपासून सुटतात व माळवदाची माती निजलेल्या माणसावर येते. कित्येक घरांत लांकडी खांबतुळयांचा सांगाडा उभा राहिला व भिंती तेवढ्या पडल्या. दगडानें मेले त्याप्रमाणें मातीनें गुदमरूनहि पुष्कळ मेले.

हा प्रदेश भूकंपाच्या भयापासून मुक्त आहे अशी त्या वेळीं समजूत होती. भारतीय मानकाच्या तत्कालीन नकाशांत लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यांत होता. २००२ च्या नकाशांत तो तिसऱ्यांत गेला व सोलापूरहि तिसऱ्यांत दाखविलें गेलें. वास्तविक १९९२ सालींच किल्लारीच्या आसपास लहान धक्के जाणवून लोक भयभीत झाले होते. शिवाय पुढें भूवैज्ञानिकांनीं तेर येथें शोध केला असतां प्राचीन भूकंपाच्या म्हणतां येतील अशा खुणा त्यांस जुन्या थरांत आढळल्या. तेर म्हणजे प्राचीन तगर, गोरोबाकाकांचें गांव, आणि कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं ज्याच्या मातींतून असंख्य वस्तु वेंचून संग्रह उभारला तें स्थान. भूमीच्या पोटांत नोंद होती. ती वाचण्यास उशीर झाला.

मृतांचा आंकडा सरकारी हिशेबांत ७,९२८ असा येतो. अन्यत्र ९,७४८ असाहि छापलेला आढळतो. जखमींची संख्या एकीकडे सोळा हजारांच्या आसपास, तर दुसरीकडे तीस हजार. बखरींतील सैन्यसंख्येविषयीं वाद घालण्याची आपणांस संवय आहे. पण हा वाद कांहीं शतकांपूर्वींचा नसून आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. अशा वेळीं संशोधकाचा नियम एकच : बेरजेवर विश्वास न ठेवतां मूळ रकमांकडे जावें. येथें मूळ रकमा म्हणजे गांवोगांवच्या याद्या व रुग्णालयांच्या नोंदवह्या होत.

जखमींस जीपगाड्यांतून, मालमोटारींतून, एस. टी. च्या गाड्यांतून उमरगें, लातूर व सोलापूर येथें नेण्यांत आलें. सोलापूर तेथून सरळ रेषेनें ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. तेथील डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून असून त्यास जोडलेलें सर्वोपचार रुग्णालय हें ह्या टापूचें मोठें आश्रयस्थान होतें. भ्रमणध्वनि त्या काळीं नव्हते. पावसाची भर पडली, आणि मदतीस व पाहावयास आलेल्यांच्या वाहनांनीं रस्ते दाटून गेले. अशा स्थितींत जखमी मनुष्य कोणत्या गांवचा, त्याच्याबरोबर कोण आलें, त्याचें मूल कोणत्या रुग्णालयांत गेलें, हें लिहून ठेवणें हाहि औषधोपचाराचाच भाग होता. ज्याचीं माणसें हरवलीं त्याची जखम केवळ टांक्यांनीं भरत नाहीं. पुढें बावन्न गांवें मूळ जागा सोडून नवीन जागीं वसविण्यांत आलीं, आणि भूकंपानंतर कित्येक दिवस लोक छपराखालीं निजण्यास धजत नव्हते.

[५] पंढरीची यात्रा

आतां पंढरपुराकडे परत येऊं. मोठ्या समुदायाच्या आरोग्याची काळजी घेण्याचा ह्या नगराचा अनुभव जुना आहे, आणि तो दुःखांतून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत पटकी यात्रेबरोबर येई व परतणाऱ्या वाटसरूंबरोबर गांवोगांव जाई. १८६६ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषदेनें हिंदुस्थानांतील यात्रांस पटकीच्या प्रसाराचें एक मोठें कारण ठरविलें. त्यानंतर यात्रेकरूंवर कर, पाण्याची देखरेख, रस्त्यांची सफाई, तात्पुरते दवाखाने, लस टोचणें, अशी व्यवस्था क्रमानें वाढत गेली. तींत सरकारी जुलमाचा अंशहि होता व लोकांची नाराजीहि होती. तरी दहा लाखांचा समुदाय आषाढीस एका लहान नगरांत मावतो व सुखरूप परततो, ह्याचें श्रेय त्या दीर्घ अभ्यासास दिलें पाहिजे. अलीकडे भीमेपलीकडील पांसष्ट एकरांच्या तळावर तंबू, पाणी व दवाखाने मांडण्यांत येतात. २०२३ पासून मोठीं आरोग्यशिबिरें भरूं लागलीं आहेत.

परंतु ह्या व्यवस्थेहून अधिक विचारणीय वस्तु वारकऱ्यांनीं आपली आपण निर्माण केली आहे, ती म्हणजे दिंडी. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकर ह्यांनीं ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीची जी शिस्त लाविली, तींत प्रत्येक दिंडीस रथापुढें किंवा रथामागें ठराविक क्रमांक असतो. दिंडीस वीणेकरी असतो, मालक असतो, आणि कोण आलें, कोण मागें राहिलें, हें तेथें माहीत असतें. मुक्कामीं समाजआरतीच्या वेळीं चोपदार चोप उंच करतात, सर्वत्र शांतता होते, आणि हरवलेलें व सांपडलेलें काय तें पुकारलें जातें. वाट चुकलेल्या म्हाताऱ्या बाईस आपल्या मुलाचा पत्ता सांगतां आला नाहीं, तरी दिंडीचा क्रमांक सांगतां येतो, व तेवढ्यावर ती आपल्या माणसांत पोहोंचते.

भूकंपोत्तर योजनेच्या दृष्टीनें ह्याचें मोल फार मोठें आहे. कोणत्याहि कोसळलेल्या वस्तींत पहिला प्रश्न असतो : आंत किती होते, बाहेर किती आले? सामान्य नगरांत ह्याचें उत्तर मिळण्यास दिवस लागतात. यात्रेंतील पंढरपुरांत प्रत्येक दिंडीप्रमुखाकडून तें घटकाभरांत मिळूं शकेल. अट एवढीच कीं, तें विचारण्याची रीत आधीं ठरलेली असावी व दिंडीची यादी एका प्रतीनें रुग्णालयांत पोहोंचलेली असावी. मठ, धर्मशाळा व वाडे ह्यांत उतरलेल्या लोकांची अशीच नोंद असली पाहिजे, कारण जुन्या पेठेंतील वाटा अरुंद व भिंती जुन्या आहेत.

[६] रुग्णालयाच्या आवारांतील योजना

पंढरपुरांत उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याच्या पाठीशीं सोलापूरचें वैद्यकीय महाविद्यालय, रस्त्यानें सुमारें ७० किलोमीटर. अशा आवारांतील वैद्य, परिचारिका, औषधनिर्माते, विद्यार्थी व वसतिगृहाचे सेवक ह्यांनीं भूकंपाची योजना आंखतांना काय गृहीत धरावें, ह्याचा धडा २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानें दिला. भुज येथील मुख्य रुग्णालयच कोसळलें; रुग्ण व सेवक त्याखालीं सांपडले; आणि जखमींवर ज्युबिली मैदानांत उघड्यावर उपचार सुरू करावे लागले. चरकाची दृढ घराची अट किती मूलगामी आहे हें येथें दिसतें. तेव्हां योजनेचें पहिलें कलम असें पाहिजे कीं, इमारत निरुपयोगी झाल्यास काम कोणत्या मोकळ्या जागेंत चालावयाचें. ती जागा सुश्रुताच्या ध्वजाप्रमाणें दुरून ओळखूं यावी व सर्वांस आधीं ठाऊक असावी.

दुसरें कलम सामग्रीचें. ती एकाच कोठडींत ठेवूं नये. कोठडी पडली तर सारें गेलें. फळ्या, पट्ट्या, शिरेंतून द्यावयाचें क्षारोदक, धनुर्वाताची लस, दिवे व पाणी हीं दोन ठिकाणीं असावीं. ह्यांत क्षारोदकाचें कारण विशेष सांगण्यासारखें आहे. १९४१ सालीं लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेले कांहीं लोक बरे दिसत असतांना पुढें थोड्या दिवसांत मूत्रपिंडें निकामी होऊन मेले, हें बायवॉटर्स नांवाच्या वैद्यानें आपल्या सहकाऱ्यासह नोंदून प्रसिद्ध केलें. चेंगरलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्य, दाब निघतांच, रक्तांत उतरतें. म्हणून मनुष्य बाहेर काढण्यापूर्वींच शिरेंतून पाणी देण्यास आरंभ करावा लागतो. हें ज्ञान जगास मिळालें तें रुग्णांच्या बारकाईनें ठेविलेल्या टिपणांमुळें. नोंद ठेवणें हें वैद्यकाबाहेरचें काम नव्हे, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मिळणार नाहीं.

तिसरें कलम निवडीचें. जखमींपैकीं कोणास तात्काळ, कोणास थोड्या वेळानें, कोणास सावकाश पाहावयाचें, हें रंगीत चिठ्ठ्यांनीं दाखविण्याची रीत आतां रूढ आहे : तांबडी, पिवळी, हिरवी व काळी. ह्या चिठ्ठीवर नांव, गांव व वेळ लिहिली, कीं तीच यादीचा पहिला कागद होते. नांव सांगतां न येणाऱ्यास अंक द्यावा व तो कोठें सांपडला तें लिहावें. लिहिण्याकरितां एक मनुष्य निराळा ठेवावा. ज्याच्या हातीं पट्टी आहे त्याच्याकडून लेखन होत नाहीं. हें काम वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास किंवा कचेरींतील कारकुनासहि देतां येईल.

चौथें कलम अधिकाराचें. पहाटे चार वाजतां वरिष्ठ घरीं असतील, कदाचित् स्वतःच ढिगाऱ्याखालीं असतील. तेव्हां कोठारें उघडण्याची परवानगी रात्रपाळीच्या मनुष्यास असली पाहिजे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत वरच्या हुकुमाची वाट न पाहतां धान्याचीं कोठारें उघडलीं म्हणून ते आजहि वंद्य आहेत. पण व्यवस्था अशी असावी कीं, एवढ्याकरितां दामाजी असण्याची आवश्यकता पडूं नये. २००५ च्या आपत्तिव्यवस्थापन कायद्यानें अशा योजनांस कायद्याचा आधार मिळाला, व २००७ सालीं राष्ट्रीय प्राधिकरणानें पुष्कळ जखमी एकदम आल्यास काय करावें ह्याविषयीं स्वतंत्र मार्गदर्शिका काढिली. नियम झाले आहेत. पण कपाटांत ठेविलेली योजना व वर्षांतून दोनदां रात्रीं करून पाहिलेली योजना ह्यांत पोथी व पाठांतर ह्यांच्याएवढें अंतर आहे.

[७] संग्राहकांस विनंति

शेवटीं आपल्या वाचकवर्गाकडे वळतों. रुग्णालयाचे कागद ठराविक मुदतीनंतर काढून टाकण्याची वहिवाट सर्वत्र आहे, व जागेच्या अडचणीमुळें ती समजण्यासारखीहि आहे. परंतु १९६७ व १९९३ ह्या दोन प्रसंगांच्या कागदांस ती वहिवाट लावणें म्हणजे पुढील संशोधकाच्या हातांतील मूळ रकमा पुसून टाकणें होय. ज्यांचा लातूर, धाराशिव, सोलापूर, सातारा ह्या जिल्ह्यांत संचार आहे, त्यांनीं पुढील कागदांचा शोध करावा : ग्रामपंचायतींनीं केलेल्या मृत व जखमी ह्यांच्या याद्या, मदतकेंद्रांचे व अन्नछत्रांचे हिशेब, औषधांच्या पावत्या, स्वयंसेवकांचीं टिपणें व घरीं पाठविलेलीं पत्रें. ज्या प्रमाणें आपण सनदेची नक्कल घेऊन मूळ धन्याकडे ठेवितों, त्याप्रमाणेंच येथेंहि करावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. रुग्णाचें नांव व व्याधि गुप्त ठेवणें हा वैद्याचा धर्म आहे, आणि संग्राहकासहि तो पाळला पाहिजे. ह्या याद्यांतील अनेक माणसें आज हयात आहेत. म्हणून व्यक्तीचें दुखणें ज्यांत लिहिलें आहे असे कागद मोहोरबंद ठेवावे, योग्य काळ लोटल्यावांचून प्रसिद्ध करूं नयेत, आणि तोंपर्यंत केवळ संख्या, गांव व दुखापतीचा प्रकार एवढाच अभ्यासाकरितां घ्यावा.

हें काम कोरड्या जिज्ञासेचें नाहीं. किल्लारीच्या याद्यांवरून कोणत्या वयाचीं माणसें अधिक दडपलीं, कोणतीं हाडें अधिक मोडलीं, किती जण पहिल्या दिवशीं व किती तिसऱ्या दिवशीं रुग्णालयांत आले, हें समजेल. आणि तें समजल्यास पंढरपूरच्या किंवा सोलापूरच्या आवारांत किती फळ्या, किती क्षारोदक व किती माणसें तयार ठेवावीं ह्याचा हिशेब अंदाजानें न करतां आधारानें करतां येईल. मंगळवेढ्याच्या भिंतीखालील मजुरांचीं नांवें आपणांस आतां मिळावयाचीं नाहींत. किल्लारीचीं मात्र अजून कोणाच्या तरी ट्रंकेंत, कोणाच्या तरी कपाटाच्या तळाशीं आहेत. ज्यांस तीं आढळतील त्यांनीं मंडळाकडे कळवावें. नकला करण्याचा खर्च व श्रम वांटून घेतां येतील.